कीड ओळखण्यासाठी स्पष्ट छायाचित्र : फोकस स्टॅकिंगचे तंत्र

आंब्याच्या बागेतील मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यातून काढलेली फळमाशी पांढऱ्या कागदावर ठेवून तिचे छायाचित्र घेतले जाते आणि ओळख पटविण्यासाठी ते कृषी विज्ञान केंद्राकडे पाठविले जाते. छायाचित्रात माशीचे डोळे तांबूस व चकचकीत दिसतात, पाठीवरील केसही मोजता येतात. परंतु पंख मात्र धुक्यात असावेत तसे पुसट असतात. दुसऱ्या छायाचित्रात पंखांवरील शिरा स्वच्छ आणि वक्षाचा रंग अस्पष्ट. ओळख पटविणारा तज्ज्ञ दोन्ही छायाचित्रे पाहतो आणि पुन्हा एक छायाचित्र मागवितो. दरम्यान सापळ्यातील माशी वाळून मोडून गेलेली असते.

हा दोष छायाचित्र घेणाऱ्याच्या हाताचा नसतो व बहुतेक वेळा कॅमेऱ्याचाही नसतो. लहान वस्तू जवळून टिपताना प्रकाशशास्त्राचा एक नियम आड येतो आणि अधिक महागडा कॅमेरा घेतल्याने तो नियम बदलत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग : एकाच नमुन्याची, किंचित वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेली अनेक छायाचित्रे घेणे आणि प्रत्येकातील फक्त स्पष्ट भाग निवडून त्यांचे एक छायाचित्र तयार करणे. संगणक आणि साधा कॅमेरा असलेल्या कोणत्याही केंद्रात हे काम होऊ शकते. त्यासाठी लागतो तो थोडा संयम आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, एक बोल्ट.

माशी कोणती, याला महत्त्व का

भारतात मिथाईल युजेनॉलच्या सापळ्याकडे प्रामुख्याने तीन प्रजातींचे नर आकर्षित होतात. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस या माशीच्या वक्षाचा वरचा भाग बहुधा काळा असतो व पंखाच्या पुढच्या कडेची तपकिरी पट्टी टोकापर्यंत अखंड जाते. बॅक्ट्रोसेरा झोनाटा तांबूस रंगाची असते. तिच्या पंखावरील पट्टी मध्येच तुटते व टोकाशी वेगळा ठिपका दिसतो. बॅक्ट्रोसेरा करेक्टा या तिसऱ्या प्रजातीची पट्टीही अशीच तुटक असते, पण तिचा वक्ष काळसर असतो आणि चेहऱ्यावरील दोन काळे ठिपके एकमेकांना मिळून आडवा पट्टा तयार झालेला असतो. म्हणजे निर्णयासाठी वक्ष, पंख आणि चेहरा या तिन्हींकडे पाहावे लागते आणि हे तीन अवयव तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर असतात. एका साध्या छायाचित्रात ते एकत्र स्पष्ट येणे जवळजवळ अशक्य असते.

बागायतदाराच्या दृष्टीने सापळा व बागेची स्वच्छता हे उपाय तिन्ही माश्यांसाठी सारखेच आहेत, ही गोष्ट खरी. तथापि कोणती माशी कोणत्या महिन्यात, कोणत्या फळावर वाढते याची नोंद प्रजातीच्या नावाशिवाय निरुपयोगी ठरते. आणि निर्यातीच्या प्रश्नात तर नावालाच किंमत असते. भारतीय खेपांमध्ये फळमाशीसह इतर किडी आढळल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातील आंबा तसेच वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबविली होती. आंब्यावरील बंदी २०१५ च्या प्रारंभी उठली, पण एक हंगाम हातचा गेला. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशी तर मिथाईल युजेनॉलकडे येतच नाही. तिला क्यू ल्युअर लागते. माशी न ओळखता चुकीचे गंधद्रव्य टांगल्यास सापळा रिकामा राहतो आणि शेतकऱ्याचा सापळ्यावरचाच विश्वास उडतो.

जवळून टिपताना स्पष्टता का हरवते

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील प्रतल अचूक स्पष्ट दाखविते. त्या प्रतलाच्या थोडे पुढे व थोडे मागे जे काही असेल ते डोळ्यांना पुरेसे स्पष्ट वाटते. या पट्ट्याला स्पष्टतेची खोली म्हणता येईल. शेताचे दृश्य टिपताना ही खोली कित्येक मीटर असते. वस्तू जवळ आणली की ती झपाट्याने आक्रसते. नमुना कॅमेऱ्याच्या संवेदकावर मूळ आकाराएवढाच उमटत असेल, म्हणजे मोठेपणा एकास एक असेल आणि ॲपर्चर एफ ८ असेल, तर नेहमीच्या हिशेबाने ही खोली सुमारे एक मिलिमीटर भरते. हा हिशेबही उदार आहे. तो पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या काळातील आहे आणि हातात धरून पाहण्याच्या छापील चित्राला पुरतो. चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून केस व शिरा पाहावयाच्या असतील, तर यातील एक तृतीयांशच, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर, भरवशाचा मानावा. सात मिलिमीटर लांबीच्या फळमाशीची पाठीपासून पंखांच्या कडांपर्यंतची खोली सहज तीन मिलिमीटर होते.

ॲपर्चर, म्हणजे भिंगातील प्रकाश आत येण्याचे छिद्र, लहान केल्यास खोली वाढते, हे छायाचित्रण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून अनेक जण एफ १६ किंवा एफ २२ वर जातात. येथे दुसरा नियम आड येतो. छिद्र जितके लहान तितके प्रकाशाचे विवर्तन अधिक, म्हणजे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू अधिक पसरतो. शिवाय एकास एक मोठेपणाला भिंगावर दाखविलेल्या एफ १६ चे प्रत्यक्षातील मूल्य एफ ३२ इतके होते. त्या स्थितीत प्रकाशाचा एक बिंदू संवेदकावर सुमारे ०.०४ मिलिमीटर रुंदीचा डाग होऊन उमटतो. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत संवेदकावरील एका घटकाची रुंदी त्याच्या साधारण एक दशांश असते. परिणाम असा की, सर्व काही सारखेच दिसू लागते, पण सारखेच पुसट. छिद्र मोठे ठेवावे तर खोली नाही, लहान ठेवावे तर बारकावा नाही. एकाच छायाचित्रात या कोंडीतून वाट नाही. वाट आहे ती अनेक छायाचित्रांत.

हे तंत्र आता प्रयोगशाळांच्या नित्याच्या कामात रुळले आहे. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची मधमाश्यांची नोंद ठेवणारी प्रयोगशाळा याच पद्धतीने छायाचित्रे तयार करते व ती सर्वांना मुक्तपणे वापरण्यास उपलब्ध करून देते. त्या प्रयोगशाळेत मधमाशीचा नमुना आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाऱ्याच्या झोताने वाळविला जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या टोकाला लेव्हॉन बिस या छायाचित्रकाराचे काम आहे. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड येथील संग्रहालयात मांडलेल्या त्याच्या कीटकचित्रांतील प्रत्येक चित्र आठ ते दहा हजार छायाचित्रांतून घडविलेले होते. कृषी विस्ताराच्या कामाला इतक्या टोकाला जाण्याचे कारण नाही. वीस-पंचवीस छायाचित्रे पुरतात.

नमुन्याची तयारी

स्टॅकिंगची पहिली अट अशी की, पहिल्या छायाचित्रापासून शेवटच्या छायाचित्रापर्यंत नमुना हलता कामा नये. सापळ्यातील मेलेली माशी त्या दृष्टीने आदर्श आहे. मात्र ती धुळीने व मेणचट थराने माखलेली असते. तिला ७० टक्के अल्कोहोलमध्ये काही मिनिटे ठेवून बारीक ब्रशने हळूच ढवळावे व टिपकागदावर वाळू द्यावे. धूळ तशीच राहिल्यास स्टॅकिंगनंतर ती केसांइतकीच ठळक दिसते. हे तंत्र किडीचा अवयव आणि कचरा यांत भेद करीत नाही. अल्कोहोलमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या नमुन्याचे रंग बदलतात, तर कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीचे रंग पुरते चढलेले नसतात. म्हणून शक्य तितका ताजा, पण पूर्ण वाढलेला नमुना निवडावा.

वाळलेली माशी कीटक-टाचणीवर किंवा त्रिकोणी कापलेल्या जाड कागदाच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने बसवावी. पंख एका बाजूस पसरलेले असावेत. अल्कोहोलमधून नुकताच काढलेला ओला नमुना वाळताना हळूहळू हालतो. त्याचे पाय आखडतात, पंख वर उचलले जातात. तो किमान काही तास स्थिर होऊ द्यावा. पुष्कळदा स्टॅक बिघडण्याचे कारण कॅमेऱ्यात शोधले जाते आणि ते या वाळण्यात असते.

जिवंत किडीवर हे तंत्र सहसा चालत नाही. पहाटेच्या थंडाव्यात पानाला बिलगून बसलेला मावा किंवा पिठ्या ढेकूण काही क्षण स्थिर राहतो आणि वारा नसेल तर पाच-सहा छायाचित्रांचा छोटा स्टॅक साधतो. पण तो नशिबाचा भाग समजावा.

मांडणी आणि एक बोल्ट

कॅमेऱ्याला मॅक्रो भिंग असल्यास उत्तम. ते नसल्यास कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे भिंग उलटे बसविण्याची कडी किंवा भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये घालण्याच्या पोकळ नळ्या अल्प खर्चात मिळतात व काम भागवितात. मोबाईलमध्ये हाताने फोकस बदलण्याची सोय असल्यास, चिमट्याने बसणारे मॅक्रो भिंग लावून तोही वापरता येतो. काही कॅमेऱ्यांत फोकस आपोआप टप्प्याटप्प्याने सरकविण्याची सोय आहे. ऑलिंपसच्या ई-एम१ मध्ये ती २०१५ साली, निकॉनच्या डी ८५० मध्ये २०१७ साली आली व त्यानंतर इतर कंपन्यांच्या मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांतही पसरली. केंद्रातील कॅमेरा नवा असल्यास त्याच्या माहितीपुस्तिकेत ही सोय आधी शोधावी.

सोय नसेल तर दोन मार्ग उरतात : भिंगाची कडी हाताने फिरविणे किंवा नमुना वर-खाली सरकविणे. एकास एकपेक्षा कमी मोठेपणाला कडी फिरविणे पुरते. मोठेपणा जसजसा वाढतो तसतसे नमुना सरकविणे अधिक भरवशाचे ठरते. ०.२ मिलिमीटरने सरकविण्यासाठी बाजारात सूक्ष्म हालचालीच्या पट्ट्या मिळतात, परंतु एम ६ मापाचा साधा बोल्ट तेच काम करतो. या बोल्टच्या दोन लगतच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की तो बरोबर १ मिलिमीटर पुढे सरकतो. लाकडी चौकटीच्या तळाशी नट घट्ट बसवावा आणि त्यातून बोल्ट खालून वर आणावा. त्याच्या टोकावर एक लहान फळी टेकवावी. फळी बोल्टबरोबर फिरू नये म्हणून तिच्या दोन बाजूंच्या छिद्रांतून दोन गुळगुळीत सरळ सळया उभ्या कराव्यात. बोल्टच्या खालच्या टोकाला झाकणासारखी गोल चकती पक्की करून तिच्यावर वीस समान खुणा कराव्यात. एक खूण म्हणजे ०.०५ मिलिमीटर, चार खुणा म्हणजे ०.२ मिलिमीटर. गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा सुताराकडे हे साधन सहज तयार होऊ शकते.

आट्यांत थोडा ढिलेपणा असतोच. त्यामुळे बोल्ट नेहमी एकाच दिशेने, नमुना वर चढेल असा फिरवावा. मध्येच मागे आल्यास ती मालिका सोडून नव्याने सुरुवात करणे बरे.

प्रकाश दोन बाजूंनी असावा व तो मृदू असावा. ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपरची नळी करून नमुन्याभोवती उभी केली आणि बाहेरून दोन एलईडी दिवे लावले, तर माशीच्या चकचकीत पाठीवर पांढरे डाग पडत नाहीत. घरगुती विजेवरील स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना हे कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळते व छायाचित्रे कमी-अधिक उजळ येतात. त्यासाठी शटरचा वेग १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवावा, अथवा दिवे पॉवर बँकेवर चालवावेत. आयएसओ १०० किंवा २०० असावा. प्रकाशाचे प्रमाण व रंगसंतुलन दोन्ही हाताने निश्चित करावेत. ते कॅमेऱ्यावर सोपविल्यास प्रत्येक छायाचित्राचा रंग थोडा वेगळा येतो. शटर दोन सेकंदांच्या टायमरने दाबावा आणि छताचा पंखा बंद करावा. पंख्याच्या वाऱ्याने टाचणीवरील माशीचा पाय थरथरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

छायाचित्रांची मालिका

कॅमेरा खाली तोंड करून पक्का बसविलेला असतो. ॲपर्चर एफ ८ ठेवावे. प्रथम माशीचा सर्वांत वरचा बिंदू, बहुधा पाठीवरील केसांची टोके, फोकसमध्ये आणावा व बोल्ट एक-दोन टप्पे मागे घ्यावा; आरंभाची ही एवढीच उलटी हालचाल. मग चार-चार खुणांनी नमुना वर चढवीत प्रत्येक टप्प्यावर एक छायाचित्र घ्यावे. नमुना वर येईल तसतसे त्याचे खालचे भाग फोकसच्या प्रतलात येत जातात. चार मिलिमीटर खोलीसाठी एकवीस छायाचित्रे होतात. दोन्ही टोकांना दोन-दोन अधिक घ्यावीत. जादा छायाचित्र फुकट जाते, पण मधला एक टप्पा राहिला तर माशीच्या अंगावर पुसट आडवा पट्टा उमटतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

प्रत्येक टप्प्यानंतर दोन-तीन सेकंद थांबावे. फळीची कंपने विरू द्यावीत. पंचवीस छायाचित्रांना चार-पाच मिनिटे लागतात. मालिका संपल्यावर नमुना काढून त्याच जागी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक छायाचित्र वेगळे घ्यावे. पट्टी स्टॅकमध्येच ठेवण्याचा मोह टाळावा, कारण टप्प्याटप्प्याने प्रतिमेचे प्रमाण किंचित बदलते व पट्टीवरील रेघा दुहेरी दिसू लागतात.

ज्या केंद्रात त्रिमितीय सूक्ष्मदर्शक आहे, तेथे नेत्रिकेवर मोबाईल बसवून, फोकसचा गोल हळूहळू फिरवीत अशीच मालिका घेता येते. या सूक्ष्मदर्शकांत प्रत्येक डोळ्याकडे जाणारा प्रकाशमार्ग बहुधा तिरपा असतो, त्यामुळे फोकस बदलताना प्रतिमा एका बाजूस सरकते. थोडे सरकणे सॉफ्टवेअर दुरुस्त करते; अधिक सरकल्यास चित्राच्या कडा छाटाव्या लागतात.

संगणकावरील काम

सॉफ्टवेअरचे काम तीन पायऱ्यांत चालते. प्रथम सर्व छायाचित्रे एकमेकांवर अचूक बसविली जातात. नंतर प्रत्येक बिंदूसाठी कोणत्या छायाचित्रात सर्वाधिक तीक्ष्णता आहे हे ठरविले जाते. शेवटी निवडलेले भाग जोडले जातात. हेलिकॉन फोकस व झिरीन स्टॅकर ही सशुल्क साधने प्रचलित आहेत. फोटोशॉपमध्येही स्तर जुळविण्याची व मिसळण्याची सोय आहे. खर्च करावयाचा नसल्यास पिकोले किंवा ह्युगिनबरोबर येणारी जुळवणीची साधने व एनफ्यूज विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिल्या प्रयोगाला ती पुरेशी आहेत.

अधिक महत्त्वाचा प्रश्न पद्धतीच्या निवडीचा आहे. बहुतेक साधनांत दोन प्रकारच्या पद्धती असतात. एक पिरॅमिड पद्धत : ती बारीक केस, काटे आणि एकमेकांवरून जाणारे पाय उत्तम राखते, पण त्याबरोबर चित्राचा कणीदारपणा व रंगांतील विरोध वाढविते. दुसरी खोलीच्या नकाशाची पद्धत : ती मूळ रंग व मऊ पृष्ठभाग जसेच्या तसे ठेवते, मात्र केस जेथे मागच्या अवयवावरून जातात तेथे भोवती पुसट वलय सोडते. सुंदर चित्र हवे असणारा छायाचित्रकार यांतील एक निवडून मोकळा होतो. कीड ओळखीत तसे करता येत नाही. फळमाशीचा वक्ष काळा की तांबूस, हेच जेथे निर्णायक लक्षण आहे, तेथे रंग खोलीच्या नकाशाच्या चित्रावरून पाहावा आणि केस व शिरा पिरॅमिडच्या चित्रावरून. दोन्ही चित्रे तयार करून दोन्ही पाठविण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

खोट्या खुणा

स्टॅक केलेले चित्र हे छायाचित्र असले तरी ते जोडलेले आहे, याचा विसर पडू देऊ नये. मालिकेच्या मध्ये शृंगिका हलली तर चित्रात एकीच्या दोन शृंगिका दिसतात. हे लगेच कळते. धोका असतो तो न कळणाऱ्या चुकांत. कॅमेऱ्याच्या संवेदकावर धुळीचा एखादा कण असेल, तर तो प्रत्येक छायाचित्रात एकाच जागी उमटतो. पण जुळवणी करताना सॉफ्टवेअर प्रत्येक छायाचित्र किंचित सरकविते वा लहान-मोठे करते. त्यामुळे अंतिम चित्रात त्या एका कणाचे ठिपक्यांच्या रांगेत रूपांतर होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ही रांग ओळखू येते, परंतु ती पारदर्शक पंखावर पडली तर पंखावरील खुणेसारखी भासू शकते. ज्या माश्यांची ओळखच पंखाच्या टोकावरील ठिपक्यावर अवलंबून आहे, तेथे अशी चूक अहवालापर्यंत जाऊ शकते.

याच कारणाने चित्रावर नंतर तीक्ष्णता वाढविण्याचे, डाग पुसण्याचे किंवा रंग खुलविण्याचे संस्कार करू नयेत. आणि मूळ पंचवीस छायाचित्रे अंतिम चित्र तयार झाल्यावरही पुसून टाकू नयेत. शंका आल्यास तज्ज्ञ त्यांतील एक-दोन उघडून तो ठिपका खरा की धुळीचा हे क्षणात सांगू शकतो.

कोठे गरज नाही, कोठे पुरत नाही

प्रत्येक किडीसाठी स्टॅकिंग करावे, असे मुळीच नाही. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली व नंतर मका पिकाबरोबर देशभर पसरलेली अमेरिकन लष्करी अळी हे त्याचे उदाहरण. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शरीराच्या मागील टोकाकडे, उदराच्या आठव्या खंडावर, चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. अळीचे डोके खाली झुकलेले असल्याने दोन्ही खुणा एका छायाचित्रात स्पष्ट येत नाहीत, हे खरे. पण दोन वेगळी छायाचित्रे घेतली की प्रश्न सुटतो. मोबाईलने शेतात उभ्या उभ्या हे होते. तेथे बोल्ट आणि पॉवर बँक मांडून बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. एकच लक्षण अनेक पातळ्यांवर पसरलेले असेल किंवा अनेक लक्षणे एकत्र पाहिल्याशिवाय निर्णय होत नसेल, तेव्हाच हे तंत्र वापरावे. सोंडेकिड्यांची वाकडी सोंड, परोपजीवी गांधीलमाश्यांच्या शृंगिका, भुंगेऱ्यांच्या पाठीवरील कोरीव रेघा ही तशी ठिकाणे आहेत.

दुसऱ्या टोकाला अशाही किडी आहेत की, त्यांच्यापुढे उत्तम स्टॅकही अपुरा पडतो. २०२१ च्या सुमारास आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पायनस या फुलकिड्याने मोठे नुकसान केले. अवघ्या एक मिलिमीटर लांबीचा हा कीटक मिरचीवरील नेहमीच्या फुलकिड्यांपासून निश्चितपणे वेगळा करावयाचा, तर काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शरीरावरील केसांची मांडणी तपासावी लागते. दहापट वर्धनाच्या साध्या वस्तुभिंगाची स्पष्टतेची खोली जेमतेम ०.००९ मिलिमीटर असते. तेथे बोल्टचा उपयोग नाही, सूक्ष्मदर्शकाचाच गोल फिरवावा लागतो. काचपट्टी नीट बनविलेली असेल तर तेथेही स्टॅकिंग उपयोगी पडते. पण काचपट्टीशिवाय पानावर घेतलेले चित्र, कितीही स्पष्ट असले तरी, प्रजाती सांगू शकत नाही.

फळमाश्यांतही हेच आहे. दक्षिण भारतातील बॅक्ट्रोसेरा कॅरिई ही माशी डॉर्सॅलिससारखीच दिसते, आणि या गटातील काही जवळच्या प्रजाती चित्रावरून वेगळ्या करणे तज्ज्ञांनाही जड जाते. म्हणून स्टॅक केलेले चित्र हे छाननीचे साधन समजावे. कोणता नमुना नेहमीचा आहे आणि कोणता बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोसारख्या संस्थेकडे तातडीने पाठवावा, हे ते सांगते. नमुन्याची जागा ते घेऊ शकत नाही.

पाठविताना

व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास ते लहान केले जाते आणि तासाभराच्या कामातील बारकावे वाटेतच नाहीसे होतात. ते दस्तऐवज म्हणून जोडावे अथवा ईमेलने पाठवावे. सोबत दोन्ही पद्धतींची अंतिम चित्रे, मालिकेतील एक-दोन मूळ छायाचित्रे व मिलिमीटर पट्टीचे छायाचित्र असावे. चित्र किती छायाचित्रांतून व कोणत्या सॉफ्टवेअरने तयार केले हे एका ओळीत लिहावे. फाईलच्या नावात तारीख, गाव, पीक व नमुन्याचा क्रमांक असावा. केवळ कॅमेऱ्याने दिलेला आकडा पुढच्या हंगामात कोणालाच काही सांगत नाही.

नमुना स्वतः ९५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये लहान कुपीत ठेवावा, म्हणजे पुढे डीएनए तपासणीची गरज पडल्यास तो उपयोगी येतो. चित्राचा क्रमांक, ठिकाण, तारीख, पीक, गंधद्रव्य व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाकावी. ती पेन्सिलीने लिहिलेली असावी; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.